दोनची घंटा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. ज्या दोघांवर हे गुदरलं ते दोघंही आज हयात आहेत आणि दोघांनीही मला हे वेगवेगळं बसवून सांगितलंय. एक माझी सुगंधामावशी. दुसरा तिचा धाकटा भाऊ, माझा सहदेवमामा. हॉस्पिटलचं नाव मी लिहिणार नाही. तिथे आजही लोक बरे व्हायला जातात.

रात्र नव्हती. अमावस्या वगैरे तर नव्हतीच.

मे महिना, १९८४. मंगळवार. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि मुलुंडच्या डोंगराखाली असं ऊन होतं की कावळासुद्धा सावली सोडत नव्हता.

तिथे आधी फक्त टीबीचं सॅनेटोरियम होतं, स्वातंत्र्याच्या आधीपासून. लांबलचक व्हरांडा आणि त्यात ओळीने लोखंडी खाटा. मग शेजारी मोठं हॉस्पिटल आलं आणि दोघांच्या मध्ये भिंत आली. भिंत हॉस्पिटलवाल्यांनी हट्टाने बांधून घेतली. सॅनेटोरियमच्या आयांना तिकडच्या कॅन्टीनमध्ये चहा मिळायचा, पण कान तुटलेल्या वेगळ्या कपात, आणि तोही बाहेर उभं राहून. कप त्यांनीच धुवायचा.

भिंतीत एक छोटं दार होतं.

शवागार पलीकडे, हॉस्पिटलात. जुन्या काळी सॅनेटोरियममध्ये रोज कुणी ना कुणी जायचं. त्यांना त्याच दारातून न्यायचे. न्यायची वेळ ठरलेली... दुपारी दोन.

दोन वाजता हॉस्पिटलची ओपीडी बंद व्हायची, म्हणजे तिकडच्या लोकांना काही दिसायचं नाही. इकडच्यांनाही दिसू नये म्हणून घंटा. आयाने पितळी घंटा दिली की प्रत्येक पेशंटने भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून पडायचं. चार वाजेपर्यंत. कागदावर याला विश्रांतीची वेळ म्हणत. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं इतकंच.

चौऱ्याऐंशीपर्यंत नवी औषधं आली होती. माणसं बरी होऊन घरी जात होती. भिंतीतल्या दाराला कुलूप लागून दहा वर्षं झाली होती. शेवटच्या वॉर्डात बारा खाटा उरल्या होत्या.

घंटा मात्र रोज व्हायची. ती द्यायचं काम मावशीचं, ती तिथे आया होती.

"आता कशाला हवी ही घंटा?" मावशीने एकदा सेबॅस्टियनला विचारलं. हा तिथला म्हातारा वॉर्डबॉय, जवळच्याच गावठाणातला. तीस वर्षं त्याने तिथेच काढली होती.

"ते जातात अजून," तो म्हणाला.

"कोण?"

"उचलणारे. आपण भिंतीकडे बघत असलो की गपचूप निघून जातात. तू घंटा दे ना, बाकी विचारू नको."

मावशीला वाटलं, म्हातारा दुपारचीच थोडी लावून आलाय.

सहदेवमामा तेव्हा बावीसचा. संपात गिरणी गेली, मग ताप जाईना, मग थुंकीतून रक्त. मोठ्या डॉक्टरांच्या पाया पडून मावशीने त्याला नऊ नंबरची खाट मिळवून दिली. आईबापांच्या मागे तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याला काही झालं असतं तर ती जगली नसती, हे ती आजही सांगते आणि मला ते खरं वाटतं.

आठ महिन्यांत पोरगा सुधारला. शनिवारी त्याला सोडणार होते.

शेजारी, आठ नंबरवर, चंद्रप्रकाश. भांडुपच्या कारखान्यात फिटर, दोन लहान मुली. तोही बरा होत आला होता. मामाशी त्याचं रेडिओवरून रोज वाजायचं, आणि रोज संध्याकाळी दोघं एकत्र पत्ते खेळायचे.

त्या मंगळवारी सेबॅस्टियन रजेवर होता. त्याच्या मुलीचं, ल्युसीचं, लग्न होतं. मावशीने घरून बांगड्याचं तिखलं आणि भात आणला होता. स्टूल ओढून ती मामाच्या समोर बसली आणि त्याला भरवू लागली. तिची पाठ व्हरांड्यातल्या जाण्यायेण्याच्या वाटेकडे.

"वायच भात घे अजून."

"ताई, पोट फुटात माझा."

"शनिवारी घराक चलतंस ना? मगे खा."

कांदिवलीच्या खोलीत खाट कुठे टाकायची, कुठला शर्ट घालून निघायचं, असल्या गप्पा. दोन वाजले. दोन वाजून गेले. घंटा खुंटीवर तशीच.

मावशी साफ विसरली.

आधी पलीकडचा आवाज गेला. कॅन्टीनमधला रेडिओ, कपबश्या, नळ... सगळं एकदम बंद. कुणीतरी भिंत वरपर्यंत वाढवल्यासारखं.

मग तिला दिसलं की एक नंबरचा पेशंट भिंतीकडे वळला.

मग दोन नंबरचा. मग तीन. चार...

घंटा झालीच नव्हती. काहीजण तर गाढ झोपेत होते. तरी ओळीने, एकामागून एक, कूस बदलत गेले. आठ नंबरवर चंद्रप्रकाशनेही पाठ फिरवली आणि चादर डोक्यावर ओढली.

पुढे दहा, अकरा, बारा. सगळे.

फक्त मामा उठून बसलेला. तोंडात घास तसाच.

आणि मग... पावलं.

कॅनव्हासच्या बुटांची. चार माणसांची, एका तालात. सोबत बांबू करकरल्याचा आवाज. एक नंबरच्या बाजूने येत होती, सावकाश.

मावशीने मागे वळून पाहिलं नाही. पण मामाचे डोळे तिच्या समोर होते, आणि ते डोळे कशाच्या तरी मागे सरकत होते.

"गे ताई," तो हळूच म्हणाला, "ही माणसां कोणाक न्हेतत?"

"बघू नको."

"स्ट्रेचर रिकामी आसा गे..."

मावशीने ताट टाकलं आणि त्याचं डोकं छातीशी दाबून धरलं. स्वतःचे डोळे गच्च मिटले. फिनेलचा वास आला, इतका उग्र की घसा जळला. पावलं आठ नंबरपाशी आली. पावलं नऊ नंबरपाशी आली. तिच्या पाठीमागे, हातभर अंतरावर...

आणि आवाज थांबला.

काहीच नाही. बांबूची करकर नाही, श्वास नाही. ते उभे आहेत, असं तिला वाटलं. आपल्या पाठीशी उभे राहून सहदेवाकडे बघतायत. त्याने बघितलं म्हणून. मी घंटा दिली नाही म्हणून.

ती बोलली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"हो नाय, ह्येका नको. आठ नंबर. आठ नंबराक न्हेवा."

थोडा वेळ गेला.

मग पावलं पुन्हा वाजली. आठ नंबरच्या खाटेची स्प्रिंग एकदाच कुरकुरली. चादरीचा आवाज झाला. आणि बांबू करकरले... या वेळी ओझं असल्यासारखे.

ती पावलं भिंतीतल्या दारापर्यंत गेली. दार उघडल्याचा आवाज मावशीने स्पष्ट ऐकला. मग पलीकडचा रेडिओ सुरू झाला.

दाराचं कुलूप तिने नंतर जाऊन पाहिलं. जागेवर होतं, गंजासकट.

चंद्रप्रकाशही जागेवरच होता. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, नियमाप्रमाणे.

चारला चहा आला तेव्हा तो उठला नाही.

डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. संध्याकाळी त्याची बायको जयंती आली, दोन्ही मुलींना घेऊन. ती रडली नाही. मावशीचा हात धरून म्हणाली, "तुम्ही जवळ होतात ना त्यांच्या? मग बरं झालं."

शुक्रवारी सेबॅस्टियन लग्नाची मिठाई घेऊन कामावर आला. आठ नंबरची रिकामी खाट बघून त्याने एकच विचारलं.

"घंटा दिली होतीस?"

"दिली होती," मावशी म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मिठाईचा पुडा त्याने उघडलाच नाही. त्यानंतर रिटायर होईपर्यंत तो तिच्याशी कामापुरतंही बोलला नाही.

मामा शनिवारी घरी आला. लग्न झालं, मुलं झाली, आता नातवंडं आहेत. पण मावशीकडे तो जात नाही. सणावारी ती येते, हा नमस्कार करतो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. घरात सगळे म्हणतात, जिने आईसारखं केलं तिच्याशी असा वागतो, उलट्या काळजाचा आहे.

मीही तेच म्हणायचो. गेल्या दिवाळीत त्याला तोंडावर म्हणालो.

त्याने दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "तिने माझं डोकं दाबून धरलं होतं. पण एक डोळा तिच्या खांद्यावरून बाहेर होता. मला दिसत होतं."

"काय दिसलं?"

"ते थांबलेच नव्हते रे. नुसता आवाज थांबला. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्या खाटेसमोरून पुढे गेले, दहा, अकरा, बारा... पार दारापर्यंत पोचले होते. एकाने कडीला हात घातला होता. रोजच्यासारखे रिकामेच चालले होते."

"मग?" मी विचारलं.

"ताई बोलली, तेव्हा ते मागे फिरले."

मावशी आता पंचाहत्तरीला आली आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. मी भेटायला गेलो की ती ही गोष्ट अजून सांगते, आणि चंद्रप्रकाशचं नाव आलं की पदराने डोळे पुसते. "पाप माझ्या माथी आहे," म्हणते. "पण काय करणार रे? माझा भाऊ वाचला ना."

मग विचारते, सहदेव माझ्यावर कशाने रागावला आहे, तुला काही बोलला का?

मी नाही म्हणतो. प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि तिच्याकडे न बघता चपला शोधायला लागतो.