समुद्राकाठची कानबाई

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर त्या दिवशी असा वारा सुटला होता, की सावद्याकडची एकही केळीची बाग उभी राहिली नसती. गाडीने फिरायला निघालेल्या दिपमाला आणि तिची मैत्रीण रूपल किनाऱ्यावर शेगडी पेटवत होत्या, तेवढ्यात एक निळा तंबू गडगडत आला आणि थेट दिपमालाच्या पायाशी पडला.

"ओ माय वं! तंबू उडी गया!" ती ओरडली.

मागून धापा टाकत आलेला तरुण ती अहिराणी ऐकून जागीच थबकला. "तुमनं गाव कोनतं?"

"सावदा... आणि तुमचं?"

"साक्री. मी भूपेंद्र." तो हसला. "एवढा समुद्र सोडून तंबू बरोब्बर खान्देशात येऊन पडला की!"

मग काय, दोन्ही गाड्या किनाऱ्याकिनाऱ्याने एकामागोमाग धावू लागल्या. दिवसभर रस्ता, संध्याकाळी तंबू आणि गप्पा. रविवारी मात्र भूपेंद्र नव्या नोकरीसाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला निघणार होता. चार दिवसांत दिपमालाचा जीव त्याच्यावर जडला, आणि हा पठ्ठ्या आपला हवामानाबद्दल बोलतोय!

शनिवारी ते अकेडियन लोकांचं जुनं गाव बघायला थांबले. फ्रान्समधून येऊन इथे पिढ्यान् पिढ्या शेती केलेली ही माणसं. इंग्रजांनी त्यांना जहाजांत कोंबून हाकलून दिलं, तरी कित्येक जण परत आले. पांढरी टोपी घातलेली एक आजी चुलीपाशी बसून सगळं सांगत होती.

"नवरा एका जहाजात, बायको दुसऱ्या..." ती म्हणाली आणि दिपमाला-भूपेंद्रकडे बघून हसली. "तुम्ही एकाच जहाजातले ना?"

रूपलला खोकला आला. बाहेर पडल्यावर दिपमालाने भूपेंद्रला विचारलं, "तुम्ही 'नाही' असं का म्हणाला नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे म्हणालात?"

रविवार उजाडला. श्रावणातला, खान्देशच्या कानबाई देवीचा. भूपेंद्रने तंबूत नारळाची कानबाई मांडली होती आणि तो पुरणाचे रोट भाजत होता. या रोटासाठी घरातल्या माणसागणिक गव्हाची एकेक मूठ मोजतात आणि तो खातात फक्त घरचे, भाऊबंद. परक्याला कणही देत नाहीत. म्हणून दिपमाला लांबच उभी राहिली. तासाभरात हा जाणार... तिला रडू येत होतं.

"लांब का?"

"तुमच्या घरचा रोट. मी परकी."

तो तव्याकडेच बघत राहिला. "मी... दोन मुठी घेतल्यात."

"इथं तर तुम्ही एकटेच ना?"

"विचारायची हिंमत होईना, म्हणून तुझी मूठ आधी मोजून टाकली. आईला फोनवर सांगितलंय." त्याने रोट उलटला. "तू मला फार आवडतेस, दिपमाला. नको म्हणालीस तर... कानबाईची माफी मागेन."

दिपमाला त्याच्याशेजारी येऊन बसली. तिने गरम रोटाचा तुकडा तोडला आणि सावकाश खाल्ला.

"पुरण कमी पडनं," ती डोळे पुसत म्हणाली. "पुढला वरीसले मी करसू."