पंपापर्यंत एक चक्कर

सेलूच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचो. जुळ्या भावांचा धडा आला की मागच्या बाकांवर खसखस पिकायची, कारण मलाही जुळा भाऊ आहे, सुश्रुत. एक भाऊ जवळपास प्रकाशाच्या वेगानं फिरून आला, तर तो घरी राहिलेल्यापेक्षा तरुण असतो, एवढीच ती गोष्ट. मोटारीच्या वेगाला मात्र हा फरक शून्यच धरा, असं मी पोरांना ठणकावून सांगायचो. सुश्रुत टॅक्सी चालवायचा.

बाबांच्या दहाव्याला डोमाजी न्हाव्यानं नदीवर आम्हा दोघांचं मुंडण केलं. सुश्रुत तिथूनच नागपूरचं भाडं घेऊन गेला. तेरवीला आला नाही. पाहुण्यांना तोंड देता देता माझ्या नाकीनऊ आले.

महिन्यानं साहेब उगवले. मी तापलोच.

"काऊन चिडून राह्यला? गेलो अन् आलो," तो म्हणाला. "तेरवीचं सामान आणाचं हाय ना?"

माझे केस बोटभर वाढले होते. त्याचं डोकं गुळगुळीत होतं. कानामागं वस्तरा लागला होता, तिथलं रक्त ओलं होतं.

मी डोमाजीला बोलावलं. त्यानं बोट फिरवून पाहिलं. "मास्तर, हे तर आत्ताचं हाय," म्हणाला आणि हात धोतराला पुसत निघून गेला.

पुढच्या भाड्यालाही तसंच झालं. त्याची बायको चारुता बाळंत झाली, तेव्हा तो नव्हता. आला तेव्हा लेक काजल अंगणात चालत होती. तिला छातीशी धरून तो ढसाढसा रडला. मला भीती वाटली, खरंच सांगतो.

"भाऊजी, त्याईले आता जाऊ देऊ नका," चारुता म्हणाली.

मी किल्ली काढून घेतली. एवढा शिकलेला माणूस, किल्ली डाळीच्या डब्यात लपवत होतो.

तो घरी राहिला. डोक्यावर केस आले. काजल बोलायला लागली, चारुता हसायला लागली. मग एका रविवारी काजलनं गाडीसाठी हट्ट धरला.

"पंपापर्यंत एक चक्कर मारून आणतो," सुश्रुत म्हणाला. पेट्रोल पंप आमच्या अंगणातून दिसतो.

चारुतानंच पोरीला पिवळा फ्रॉक घालून पुढं बसवलं. "पोरगी संगं असली की लवकर येतीन हे." मी किल्ली दिली.

आम्ही अंगणातून बघत राहिलो. टॅक्सी रस्त्यावरच्या कडुनिंबाआड गेली.

पलीकडून निघाली नाही.

पंपावर विचारलं. पोलिसांत गेलो. विहिरी उपसल्या. मी रिटायर झालो.

परवा दुपारी दारात हॉर्न वाजला.

चारुता गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि तशीच धावली. सुश्रुत काजलला कडेवर घेऊन उतरला. तिच्या अंगात तोच पिवळा फ्रॉक होता. आम्हाला पाहून तो फाटकातच थांबला.

चारुतानं दोन्ही हात पसरले.

काजलनं बापाच्या गळ्यात तोंड लपवलं.

"बाबा, आई कुठं हाय?"