लेझरच्या दारावरचा दिवा

रविवारी दुपारी इकडे उत्तरेत, जगतपुऱ्यातल्या आमच्या संशोधन संस्थेत चिटपाखरूही नसतं. काचपात्रात वाढवलेल्या माझ्या पेशींना मात्र रविवार कळत नाही, त्यांना वेळच्या वेळी ताजं खाद्य लागतं. ते बदलून मी कॉरिडॉरमध्ये आईशी व्हिडिओवर बोलत होते. सांगलीहून तिनं आणखी एक स्थळ पुढे केलं आणि मी वैतागून म्हटलं, "आई, माझं ठरलंय."

"कुणाशी गं?"

तेवढ्यात समोरच्या लेझरच्या खोलीवरचा, लेझर चालू असताना पेटणारा लाल दिवा विझला आणि एक उंच मुलगा बाहेर आला. मी फोन त्याच्याकडे वळवला. "याच्याशी."

तो गोंधळला... मग वाकून म्हणाला, "नमस्कार काकू. मी संकल्प. मतलब... हो."

चक्क मराठी! फोन ठेवल्यावर त्यानं सांगितलं, "पपा फौजेत होते, मी इथेच वाढलो. मराठी फक्त आई बोलायची. ती गेली, तेव्हापासून कुणी नाही."

"हे नाटक थोडे दिवस चालवशील? बदल्यात काय हवं?"

"रविवारी माझ्याशी मराठी बोल. लेझर चालवायला मी येतोच."

मग दर रविवारी आईचा फोन झाला की आम्ही पायरीवर बसून मिर्चीवडे खायचो. मागे मोर ओरडत असायचे.

"आसावरी, रुसणं मतलब?"

"शेवटचा वडा मी घेतल्यावर तू करतोस ते."

तो हसायचा, आणि मी उगीच ओढणी सारखी करायचे. बाकीचे दिवस फ्लॅटवर एकटीपुरता भात लावायचा, टीव्हीला सोबत म्हणायचं. रविवारची मी किती वाट बघते, हे त्याला सांगायची छाती नव्हती.

आणि एक दिवस आई म्हणाली, "त्याच्या वडिलांना भेटायला येतोय आम्ही. तिकिटं काढते." आता नाटक संपवणं भाग होतं. पुढच्या रविवारी संकल्पनं सांगायचं ठरलं, "काकू, आमचं जमलं नाही." त्यानं नुसती मान हलवली. मला त्या मान हलवण्याचा फार राग आला.

त्या रविवारी त्याला बोलवायला गेले, तर दारावरचा दिवा बंद. झाडू मारणाऱ्या पार्वतीजी म्हणाल्या, "मैडम, मशीन तो होली से मरम्मत में गई है. सर हर इतवार आपके फोन तक यूँ ही बैठे रहते हैं."

पेशींच्या खाद्याचा रंग किंचित पिवळा झाला तरी मला लांबून कळतं. आणि हा दिवा इतके रविवार लागलाच नाही, हे मी मान वर करून पाहिलं नव्हतं.

आत तो अंधारात एकटाच पुटपुटत बसला होता.

"पाठ झालं वाक्य?" मी विचारलं.

"खूप वेळा म्हटलं. येत नाही... दुसरं येतं."

"कुठलं?"

फोन वाजला. त्यानंच तो माझ्या हातातून घेतला. "काकू, मी पुढच्या रविवारी पण येऊ? नंतरच्या पण? सगळ्याच..."

"अरे, मला काय विचारतोस?" आई म्हणाली. "तिला विचार."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.

"आई," मी म्हटलं, "तिकिटं काढ."