न प्यायलेली दारू

सकाळी नऊला समताचा फोन वाजला. पलीकडे वाल्मीक होता.

“समता, माझ्या लघवीत दारू सापडली म्हणे. हेमांगी मॅडम कबुलीवर सही मागतायत. मी करणार नाही.”

समता गुरुग्रामच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तपासण्यांचं काम बघायची. वाल्मीक तिथलाच सहायक. पूर्वीचा रुग्ण, सात वर्षं दारूपासून लांब. व्यसनमुक्ती सहायकाच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी त्याचं नाव आज पाचपर्यंत मंडळाकडे जायचं होतं. नियम कडक होता. नमुन्यात दारू निघाली, तर परीक्षाही गेली आणि नोकरीही.

ती पोचली तेव्हा संचालक हेमांगी मॅडम समजावत होत्या, “सही कर वाल्मीक, नोकरी तरी वाचवता येईल. सहा महिन्यांनी परीक्षेला परत बस.”

“न केलेल्या गुन्ह्याची? नोकरी घ्या मॅडम. सही मिळणार नाही.”

समताने रिपोर्ट उचलला. ‘पॉझिटिव्ह’च्या खाली आकडा होता: तीन टक्के. तिने तो वहीत उतरवून घेतला.

“मला चारपर्यंत वेळ द्या.”

आधी तिने नर्स विनयाताईंना गाठलं.

“नमुना कधी घेतला?”

“परवा अकराला. साडेनऊच्या सभेत वाल्मीकदादांनी रोजच्यासारखं आधी स्वतः श्वासातली दारू मोजायच्या मशीनमध्ये फुंकलं, मग पेशंटना फुंकायला लावलं. सभा संपल्यावर बाटली दिली.”

“सील?”

“लॅबचा माणूस बाराला येतो, तेव्हा त्याच्यासमोर. अर्धा नमुना इथे राहतो, अर्धा तो नेतो. तोवर बाटली नाव लिहून समुपदेशकांच्या फ्रिजमध्ये. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे नि राजीवसरांकडे.”

“इथे स्पिरिट कुठे असतं?”

“वेड लागलं का गं? जखमेलासुद्धा आयोडीन. पेशंटचं सॅनिटायझर गेटवरच काढून घेतात. स्टाफच्या बॅगा मात्र कोण उघडतंय!”

ज्येष्ठ समुपदेशक राजीव चहा घेत होता.

“वाईट वाटतं यार. पण परवा नऊ वीसला जिन्यात भेटला, तेव्हाच तोंडाला वास येत होता.”

“नक्की नऊ वीस?”

“बिल्कुल. मुद्दाम घड्याळ बघितलं.”

“सकाळच्या सभेला तुम्ही नव्हता?”

“मी कधीच नसतो. ते सगळं भजनी मंडळ आहे. मी एम.फिल. आहे.”

समताने फ्रिजमधला राखीव नमुना काढला, त्यात तपासणीच्या दोन पट्ट्या बुडवल्या आणि थांबून राहिली.

चारला सगळे ऑफिसात जमले.

“रिपोर्टात सगळ्यांनी ‘पॉझिटिव्ह’ वाचलं, आकडा कुणीच वाचला नाही,” समता म्हणाली. “तीन टक्के! शरीरातून एवढी दारू उतरायची तर माणूस जिवंतच राहणार नाही. शिवाय दारू प्यायली की यकृत एक रसायन बनवतं, ते लघवीत दोन दिवस तरी दिसतं. इथे ते शून्य. साखरही नाही, म्हणजे नमुना आंबून त्यात आपोआप दारू झाली असंही नाही. ही दारू कुणाच्याच पोटात गेलेली नाही. बाटलीत ओतली आहे.”

“कुणी?” हेमांगी मॅडमचा आवाज चढला.

“अकरा ते बारा बाटली बिनसीलची होती आणि किल्ल्या दोनच. विनयाताई, नाहीतर राजीवसर. सरांना नऊ वीसला वास आला. मशीनच्या मेमरीत मात्र नऊ बत्तीसला वाल्मीककाकांची फुंकर आहे. शून्य.”

समता राजीवकडे वळली.

“सभा घेणारा रोज सगळ्यांसमोर आधी स्वतः फुंकतो, हे इथला नवा पेशंटसुद्धा सांगेल. तुम्हाला ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्यात बसणं तुम्हाला कमीपणाचं वाटतं.”

“राजीव, बॅग उघडा,” मॅडम म्हणाल्या.

सॅनिटायझरची बाटली निघाली. निम्मी रिकामी.

“हो, ओतलं!” राजीव उसळला. “मी सहा वर्षं शिकलो. आणि गटारात लोळलेला माणूस माझ्या शेजारी प्रमाणपत्र टांगणार?”

“लोळलो, खरंय,” वाल्मीक शांतपणे म्हणाला. “म्हणून तिथून वर यायची वाट मला माहीत आहे. तुम्ही ती पुस्तकात शोधताय.”

मॅडमनी कबुलीचा कागद फाडला. “वाल्मीक, तुझं नाव आत्ता पाठवते.”

“असं नको, मॅडम. ताजा नमुना घ्या, पट्टीवर तपासा, सील माझ्यासमोर लावा, मग नाव पाठवा. मला सूट दिली असं उद्या कुणी म्हणायला नको.”

विनयाताई बाटली आणायला धावल्या. पाचाला वीस मिनिटं कमी होती.