काचेपलीकडचा लाल दिवा

ते दोघं पहिल्यांदा भेटले ते जिन्यात, आणि भेटले म्हणजे धडकलेच. बोलकी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या छोट्या स्टुडिओत, कादंबरीची नायिका नदीत उडी घेणार त्या वाक्याच्या मधोमध संगणक अडला होता : डिस्कवर जागा नाही. ती स्टुडिओच्या मालकाला, म्हणजे आपल्या मामाला, शोधत वर धावत होती. तो वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा संगणक दुरुस्त करून खाली उतरत होता. त्याच्या पिशवीतल्या केबली पायऱ्यांवर सांडल्या. त्या गोळा करता करता तिनं विचारलं, "डिस्क भरली तर काय करतात हो?"

"आधी बघतात, कोणी भरली ते."

उत्तर तिला आवडलं. घोळ तिथूनच सुरू झाला.

ती तिथली ध्वनिसंपादक. निवेदनातले श्वास, अडखळणं, घशातली खरखर सफाईनं कापायची, म्हणून सगळे तिला कात्री म्हणत. आणि त्या दिवसापासून तो झाला डिस्कवाला. त्यानं संगणकावर एक काळी खिडकी उघडली आणि दोन-दोन अक्षरं टाइप करत तिला समजावलं. डीएफ म्हटलं की अख्खं सभागृह किती भरलंय ते कळतं. डीयू म्हटलं की कोण किती जागा अडवून बसलंय ते.

"आणि कोणी कोणासाठी रुमाल टाकून जागा धरलीय, ते?" तिनं विचारलं.

"त्याला कमांड नाही. ते माणसांनाच विचारावं लागतं."

आणि त्यानं तिच्याकडे बघितलं... हवं त्यापेक्षा जरासं जास्त.

त्यानं जुनी पुस्तकं बाहेरच्या डिस्कवर हलवून जागा करून दिली. पण थोड्याच दिवसांत डिस्क पुन्हा भरली. मग पुन्हा. मामा वैतागला, ती मात्र डिस्क भरायची वाट बघू लागली. तो येणार म्हटलं की केस दोनदा विंचरले जात. इतकं सगळं छान चाललं असताना तिच्या लक्षात आलं, की तो येऊन बसतो ते काचेकडे तोंड करून.

काचेपलीकडे, ध्वनिबंद खोलीत, निवेदिका बसायची. आवाज असा, की ती भाजीचा भाव विचारायला लागली तरी ऐकणाऱ्याला भरून यावं. कात्रीनं मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं होतं मधाचं पोळं. डिस्कवाला कानाला हेडफोन लावून ऐकत बसायचा आणि मध्येच स्वतःशी हसायचा. नायिका विधवा होते त्या प्रकरणातसुद्धा हसला. तेव्हा कात्रीनं एक चांगला श्वास उगाचच कापून टाकला.

पुढे तर कहर झाला. तो दर खेपेला कात्रीला म्हणायचा, तुमच्या फोल्डरमधलं जुनं जरा काढून टाकता का? ती निमूटपणे काढायची. निवेदिकेच्या फोल्डरला मात्र त्यानं कधी हात लावला नाही. विचारलं तर म्हणे, चालू पुस्तक आहे, राहू दे. निवेदिका एकदा बाहेर येऊन म्हणाली, "काय गं, तुझा डिस्कवाला आज नाही आला?" माझा कसला, तुझाच की, असं अगदी ओठांवर आलं होतं कात्रीच्या. पण तोंडानं ती एवढंच म्हणाली, की तिसऱ्या ओळीत श्वास ऐकू येतोय, पुन्हा एकदा घेऊ.

शेवटी मामानं भली मोठी नवी डिस्क मागवली. आता पाच वर्षं कोणाला बोलवायला नको, असं तो जेवताना आनंदानं म्हणाला, आणि भाचीनं ताट बाजूला सारलं. डिस्कवाला आज ती बसवायला येणार, म्हणजे शेवटचाच येणार. त्याआधी एकदा कळायला हवं होतं, की इतके दिवस तो कोणासाठी येत होता.

तो यायच्या आधी तिनंच काळी खिडकी उघडली. डीयू. नावं आणि आकडे सरसर उतरले. मधाच्या पोळ्याचं फोल्डर सगळ्यांच्या वर ठाण मांडून बसलेलं, बाकीचे सगळे मिळून त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत.

तो दारात आला तेव्हा तिनं खुर्ची फिरवली नाही.

"मला झाडूनपुसून घ्यायला लावलंत," ती म्हणाली. "आणि इथे महाराणींचा पसारा तसाच. यांचा खोकलासुद्धा जपून ठेवायचा असेल ना?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. वाकून पडद्यावरची यादी बघितली.

"एक पायरी आत जाऊन बघितलंत?"

"मला नाही कोणाच्या आत डोकवायची हौस."

"बघा तरी."

तिनं बघितलं. निवेदिकेचं वाचन त्या फोल्डरच्या एका कोपऱ्यात मावत होतं. बाकी सगळी जागा एकाच ट्रॅकनं खाल्ली होती, आणि त्या ट्रॅकचं नाव... कात्रीचा माइक. काचेपलीकडे सूचना द्यायला ती जो माइक वापरायची, तो. या कादंबरीसाठी तिनंच नवी मांडणी केली होती, आणि आपला माइकही ध्वनिमुद्रणाला लावून विसरली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो सलग टिपत होता. काचेपलीकडचं ध्वनिमुद्रण सुरू झालं की तिथला लाल दिवा लागे, आणि त्याबरोबर हासुद्धा सुरू होई, पण दिवा विझला तरी हा थांबत नसे.

तिनं कुठलीशी एक फाइल वाजवली. तिचाच आवाज. श्वास ऐकू येतोय, पुन्हा एकदा घेऊ. मग गुणगुणणं. मग चहाचा घोट. आणि मग पुटपुटल्यासारखं, पण अगदी स्वच्छ : "आला डिस्कवाला. आता बसेल तिच्याकडे बघत. बैल कुठला."

तिनं झटकन फाइल बंद केली.

"तुम्ही हे ऐकलंत?"

"काय भरतंय ते तपासायला वाजवलं होतं. बैल आला तेव्हा बंद केलं. खोटं कशाला बोलू... जरा उशिरा बंद केलं."

"आणि ते हेडफोन लावून हसणं?"

"तुमच्या सूचनांना. विधवेला तुम्ही म्हणालात, रडताना नाक कमी ओढा."

"म्हणजे माहीत असूनही सांगितलं नाहीत? एक बटण बंद करायचं होतं."

"बंद केलं असतं तर डिस्क भरली नसती." तो केबल उगाच गुंडाळू लागला. "मग मला बोलावलं कोणी असतं?"

तिला राग यायला हवा होता. शोधून पाहिला, सापडेना.

मामानं बाहेरून हाक मारली, की नवी डिस्क लागली असेल तर एकदा ध्वनिमुद्रण करून बघा. डिस्क लावून तो काचेपलीकडे गेला, निवेदिकेच्या खुर्चीत अवघडून बसला. लाल दिवा लागला. काहीतरी बोला, असं तिनं खुणेनं सांगितलं. त्यानं माइककडे, मग छताकडे बघितलं, आणि एका दमात काहीतरी बोलून टाकलं. त्यातलं "मला तू" एवढंच धड ऐकू आलं. बाकीचं त्यानं गिळलं.

कात्रीनं आपल्या माइकचं बटण दाबलं.

"शेवटचे शब्द खाल्लेस," ती म्हणाली. "पुन्हा एकदा घेऊ. आणि या वेळी माझ्याकडे बघून."

त्यानं बघितलं. दोन्ही माइक चालू होते, आणि डिस्कवर जागा भरपूर होती.