सात नंबरचा नमुना

संशोधन संस्थेतलं छपाईयंत्र नेमकं सोमवारी सकाळी रुसलं, म्हणून ती काळ्या शाईची बरणी छातीशी धरून कोपऱ्यावरच्या छापखान्यात शिरली. आत एक तरुण फुटबॉल संघाच्या टी-शर्टांवर आकडे छापत होता. नाकावर पिवळा रंग, कानामागे पेन्सिल.

"काय छापायचंय?"

"तीन रेघा. नखाएवढ्या. या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर."

"बरं. आणि नाव?"

"नाव नाही."

"मग फोन नंबर?"

"तो कशाला हवाय तुम्हाला?"

"म्हणजे… पट्टीवर हो! पट्टीवर छापायला!" तो कानापर्यंत लाल झाला. गल्ल्यावर बसलेली त्याची आत्या, जी छापखान्याची मालकीणही होती, वर्तमानपत्राआडून खोकली. तो खोकला सर्दीचा नव्हता.

खरं तर असल्या माणसाला काही समजावत बसायची गरज नव्हती. पण तिने समजावलं. या शाईत केसाहून हजारो पट बारीक अशा कार्बनच्या नळ्या आहेत. पट्टीवर लाळेचा थेंब टाकायचा. तोंडाच्या कर्करोगाची खूण त्यात असली, तर पट्टीतून जाणारी वीज बदलते आणि संगणकावरच्या सपाट रेघेला टेंगूळ येतं. आजवर तिचं काम ऐकणारे दुसऱ्या वाक्याला जांभई द्यायचे. हा मात्र भिंगातून पट्टीकडे बघत म्हणाला, "मग रेघ कुठे तुटली तर वीज अडखळेल. थांबा, शाई गाळणारी जाळी बारीक घेतो." त्याने चाळीस पट्ट्या फुकट घालवल्या आणि एकेचाळिसावी अशी काही छापली, की ती बघतच राहिली. पट्टीकडेच, असं तिचं म्हणणं.

मग निरोगी माणसांच्या लाळेचे नमुने हवे होते. तुलना करायला ते लागतातच.

"मी निरोगी आहे," तो लगेच म्हणाला. "आत्याला विचारा."

"जेवतो त्यावरून तरी वाटतो," आत्या म्हणाली.

प्रयोगशाळेत फॉर्म भरताना त्याने सवयीने कानामागची पेन्सिल काढली. "पेन्सिल नाही चालत," तिने ठणकावलं. "आमच्याकडे खोडता येईल असं काही लिहायचं नसतं." त्याने निमूट पेन घेतलं आणि तो सात नंबरचा दाता झाला.

माणसं प्रेमात पडायला बागेत जातात. हा दर मंगळवारी नळीत थुंकायला येऊ लागला. तो थुंकेपर्यंत ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची, सभ्यपणे.

"आजचा नमुना कसा वाटला?"

"फेसाळ."

"आणि माणूस?"

"माणसाची नोंद आम्ही ठेवत नाही," ती म्हणायची. सोमवारी रात्री केस धुवायची, ते मात्र कुणाला सांगायची नाही.

सहाव्या मंगळवारी तो गेल्यावर तिने त्याचा थेंब पट्टीवर टाकला आणि रेघेला टेंगूळ आलं.

पट्टी खराब असेल. तिने दुसरी घेतली. टेंगूळ. तिसरी घेतली. तेवढंच, त्याच जागी.

'ही पट्टी अजून शिकाऊ आहे, तिच्या सांगण्यावरून कुणाला आजारी ठरवू नये', हे वहीच्या पहिल्या पानावर तिनेच लिहून ठेवलं होतं. तिने ते तीनदा वाचलं, पण हातापायांना ते पटेना. त्याला काही झालं तर… या 'तर'च्या पुढे तिला जाताच येईना. डोळे भरून आले आणि तिला एकदम कळलं, की आपण या माणसाच्या प्रेमात पार बुडालो आहोत. कळायला वेळही काय निवडला होता!

तिने ड्रॉवरमधली विजेरी उचलली आणि पांढऱ्या कोटातच छापखाना गाठला.

"आ करा."

"काय?"

"तोंड उघडा! मोठ्ठं!"

टी-शर्ट हातात धरून त्याने आ केला. तिने विजेरी मारली आणि ती दचकून मागे सरली. जीभ केशरी होती. झेंडूसारखी भडक.

"हे… हे काय आहे?"

"गोळी," तो तोंड न मिटता म्हणाला. "क जीवनसत्त्वाची. चघळायची."

"आज किती खाल्ल्या?"

"सहा… त्यातल्या दोन तुमच्या दाराबाहेर."

"पण का?"

उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं आणि तो सणसणीत शिंकला. "सर्दी झालीय," तो कसाबसा म्हणाला. "तुमच्या फॉर्मवर लिहिलंय, सर्दी झाली तर पंधरा दिवस येऊ नये. पंधरा दिवस म्हणजे… दोन मंगळवार गेले असते."

ती मटकन टी-शर्टांच्या चळतीवर बसली.

"अरे मूर्खा! क जीवनसत्त्वसुद्धा त्या पट्टीवर वीज सोडतं! टेंगूळ त्याचं असणार! आणि मला वाटलं तू… मी तासभर…" ती हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"अहो, तो शर्ट ओला आहे," आत्या शांतपणे म्हणाली. "पण बसा. एकेरीवर आलाच आहात, तर चहा टाकते."

कोटाच्या मागच्या बाजूला ओल्या शर्टावरचा उलटा चार घेऊन ती प्रयोगशाळेत परतली. साध्या पाण्यात गोळी विरघळवून थेंब टाकला. हुबेहूब तेच टेंगूळ! तरी तिचा जीव पुरता भांड्यात पडेना, म्हणून तिने त्याला दंतवैद्याकडेही पिटाळलं. तोंड ठणठणीत निघालं. मग पंधरा दिवस खपून तिने पट्टीवर क जीवनसत्त्वाला अडवणारा पातळ थर बसवला. आता गोळीचं पाणी टाकलं तरी रेघ सपाट राहू लागली.

सर्दी जाऊन तो पुन्हा आला, तेव्हा तिने नळीऐवजी त्याच्या हातात एक कागद ठेवला. 'दाता क्रमांक ७ : यादीतून रद्द.'

त्याचा चेहरा उतरला. "पण मी बरा झालोय! गोळ्याही सोडल्या!"

"खाली कारण वाच."

खाली छापील कारणं होती. आजार. औषधं. संशोधकाशी नातं. खूण तिसऱ्यापुढे होती.

"पण आपलं नातं तर काही…" तो थांबला आणि त्याने हळूच वर बघितलं. ती कॅलेंडर वाचत होती. कान लाल झाले होते, या वेळी तिचे.

"कोणतं नातं, ते लिहायला पुढे जागा आहे," ती कॅलेंडरला म्हणाली. "मी ती मोकळी सोडलीय."

मग त्याचा हात कानामागे गेला.

"पेन्सिल नको," ती म्हणाली आणि तिने कोटाच्या खिशातून आपलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं. "पेनने लिही."