बाळगोंडा मिस्त्रींचा डावा पाय

बाळगोंडा मिस्त्रींच्या गॅरेजमधून क्लच बसवून गेलेली गाडी चाळीस वर्षांत कधी परत आली नव्हती. त्यामुळे मंगळवारी सकाळी जस्मिन बागवानची पिवळी स्पोर्ट्स कार टोइंगच्या हुकाला लटकत कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिरली, तेव्हा शेजारचा लेथवाला मशीन बंद करून बाहेर आला आणि समोरच्या चहावाल्याचा चहा उतू गेला. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्यमनगर एरवी आता शांतच असायचं. रस्त्यावरच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव गाड्या विजेच्या. त्यांना ना गिअर, ना क्लच, ना आवाज. इंजिनाचं बळ चाकांपर्यंत पोचवायचं की तोडायचं हे डाव्या पायानं ठरवावं लागतं, हेच नव्या पिढीला ठाऊक नव्हतं. उरलेल्या दोन गाड्या जस्मिनसारख्या वेड्यांच्या. ही बाई फळांच्या शीतगृहाची मालकीण. दिवसभर सफरचंदं गार ठेवायची आणि रविवारी डोकं गरम करून घ्यायची.

तिनं गाडीचं इंजिन वाढवून वाढवून सातशे अश्वशक्तीवर नेलं होतं, आणि तिथंच दुखणं सुरू झालं. मूळचा क्लच दोनशे घोड्यांसाठी केलेला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलायचं, क्लचची प्लेट घसरायची, गाडी मात्र जागची हलायला तयार नसायची. जळक्या प्लेटचा वास तेवढा गल्लीभर. मिस्त्रींनी गाडी ताब्यात न देता गॅरेजमध्येच जड स्प्रिंगची प्रेशर प्लेट घालून पाहिली, तर पेडल इतकं कडक झालं की जस्मिन दोन दिवस लंगडत होती. दोन प्लेटांचा क्लच बसवला, तर तो सगळी ताकद एका झटक्यात चाकांवर सोडायचा. त्या झटक्यानं गॅरेजच्या दारातच एक्सल तुटला. आगीतून फुफाट्यात.

शेवटी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून डॉ. केतकी सबनीस यांनी चाचणीसाठी ‘जाणती प्लेट’ पाठवली. तिच्या अस्तरात लाखो बारीक स्फटिक बसवलेले. वीज मिळाली की ते फुगायचे नाही तर आकसायचे, आणि त्या मानानं पकड कमी-जास्त व्हायची. नुसतं तेवढंच नाही. चालकाचा पाय पेडल कसा सोडतो हे ती प्लेट शिकायची आणि पुढच्या वेळी पाय उचलण्याआधीच तयार राहायची. शनिवारी गाडी जस्मिनला दिली. रविवारी तिनं ती पहिल्यांदा जोरात पळवली, आणि सोमवारी गाडी भर रस्त्यात बसली.

“माझ्या पायाला दादच देत न्हाई, मामा,” जस्मिन म्हणाली. कोल्हापुरी बायकांच्या रिवाजानं तीही स्वतःबद्दल ‘आलो-गेलो’ असंच बोलायची. “मी क्लच सोडतो, ती घसरतीया. परत सोडतो, परत घसरतीया. आणि रविवारी घाट हाय.”

घाट म्हणजे करूळ घाटाची शर्यत. संयोजकांनी यंदा निर्वाणीचं सांगितलं होतं: क्लचवाल्या एका तरी गाडीनं नऊ किलोमीटरचा चढ सात मिनिटांच्या आत काटला, तर हा गट पुढं चालू राहील, नाहीतर पुढच्या वर्षीपासून फक्त विजेच्या गाड्या. गट बंद पडला की मिस्त्रींकडे येणाऱ्या दहा-बारा गाड्याही बंद, आणि त्यांच्याबरोबर मिस्त्रींचं शटरही. बासष्टाव्या वर्षी त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि शिकायची इच्छाही नव्हती.

दुपारी केतकी पुण्याहून आल्या. त्यांनी गाडीच्या पोटाला वायर जोडली, टॅब्लेटवर बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “मिस्त्री, पहिले शंभर किलोमीटर गाडी कोणी चालवली?”

“मी. दुसरं कोण चालवणार?” मिस्त्री छाती काढून म्हणाले. उद्यमनगरचा तो दंडकच होता. पहिली धाव मिस्त्रीची. नवा क्लच बसला की नारळ फोडायचा आणि मिस्त्रीनं स्वतः गाडी पळवून आणल्याशिवाय किल्ली मालकाला द्यायची नाही. त्यांनी दोन दिवस आंबा घाटापर्यंत मनसोक्त हिंडवली होती, आणि गाडी लोण्यासारखी चालली होती.

केतकींनी कपाळाला हात लावला. “अहो, प्लेट शंभर किलोमीटर शिकते, मग तिचं कुलूप लागतं. ते उघडत नाही. ती आता तुमचा पाय ओळखते. जस्मिनताईंचा नाही. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं.”

पुस्तिका गॅरेजमध्ये होती. लंगड्या स्टुलाच्या पायाखाली, चौघडी करून.

दुसरी प्लेट तयार व्हायला तीन आठवडे लागणार होते. मिस्त्रींना वाटलं, चाळीस वर्षांची अब्रू आपण आपल्याच डाव्या पायानं तुडवली.

“मग तुमीच चालवा की घाटात,” जस्मिन म्हणाली.

“पोरी, क्लच सोडायला येतो मला, वळण मारायला न्हाई. दरीतनं माझी हाडं गोळा करशील.”

“मग मला तुमचा पाय शिकवा.”

“त्यात काय शिकवायचंय? दाबायचा, सोडायचा, बस.”

केतकींनी टॅब्लेट पुढं केला. “नाही मिस्त्री, तसं नाही. ही रेघ पाहा. तुम्ही पेडल पाऊण सोडता, थांबता, केसभर परत दाबता, आणि मग सोडता. दर वेळी. चुकूनसुद्धा चुकत नाही.”

मिस्त्रींनी चष्मा लावून रेघ पाहिली, मग आपल्या पायाकडे पाहिलं. हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. एकदम त्यांना उस्ताद आठवले, अण्णाप्पा. त्यांच्या गुळाच्या ट्रकवरच मिस्त्री गाडी शिकले होते. क्लच झटक्यात सोडला की मागच्या ढेपा सरकायच्या, आणि ढेप सरकली की मानेवर टपली बसायची. टप्प्यानं सोडायची ही खोड त्या टपल्यांनी लावली होती. गूळ गेला, ट्रक भंगारात गेला, अण्णाप्पाही गेले. पाय तेवढा थांबायचं विसरला नव्हता.

पण शिकवायचं कसं? तोंडानं सांगून पाहिलं, जमेना. केतकी म्हणाल्या, “त्यांच्या पायावर पाय ठेवून बघा.” जस्मिन दचकून मागं सरली, वडीलधाऱ्या माणसाच्या पायावर पाय? “मग मिस्त्री, तुम्ही त्यांच्या पायावर ठेवा.” आता मिस्त्री दचकले. “मामा म्हणती ती मला. भाचीच्या पाया पडायचं असतं बाई, भाचीला पाय लावायचा नसतो.”

वाट काढली ती लेथवाल्यानं. मागच्या गल्लीत एका बंद पडलेल्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी धूळ खात उभी होती. तिला पेडलांच्या दोन जोड्या होत्या, एक शिकणाऱ्याला आणि एक शिकवणाऱ्याला, आणि दोन्ही आतून सळईनं जोडलेल्या. मिस्त्रींनी तिचं इंजिन चालू केलं. जस्मिननं चप्पल काढून अनवाणी पाय पेडलवर नुसता टेकवला, आणि शेजारी बसून मिस्त्री दाबू-सोडू लागले. पेडल तिच्या तळव्याखाली आपोआप खाली-वर होऊ लागलं.

“थांबलं,” ती डोळे मिटून म्हणाली. “आता केसभर मागं आलं. व्हय, कळालं!”

“कळून काय उपयोग? वळलं पाहिजे,” मिस्त्री म्हणाले, आणि तिच्या पायानं घाई केली की “ढेप सरकली!” असं ओरडू लागले. तीन दिवस शाहूपुरीपासून कळंब्यापर्यंत ती खटारा गाडी फिरत होती आणि तिच्यातून गुळाच्या नावानं आरडाओरडा ऐकू येत होता. शनिवारी जस्मिन पिवळ्या गाडीत बसली. सातशे घोडे एका दमात चाकांवर आले. ना वास, ना झटका. मिस्त्रींनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि ग्रीस गेलं म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी मिस्त्री आणि केतकी घाटमाथ्यावर गगनबावड्याला उभे होते. टॅब्लेटवर जस्मिनच्या पायाची रेघ सरकत होती. पाऊण, थांबा, केसभर मागं, सोड. मिस्त्री ती रेघ नाडीसारखी बघत होते. पाच मिनिटं झाली. एका आवळ वळणावर खडी पसरली होती. गाडी घसरली, जस्मिननं घाईनं गिअर बदलला, आणि रेघ सरळ खाली कोसळली. ना थांबा, ना काही. तिचा स्वतःचा जुना, उतावळा पाय.

“सरकली ढेप,” मिस्त्री पुटपुटले. आता प्लेट घसरणार, वास सुटणार, संपलं सगळं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पण खालून इंजिनाचा आवाज तुटला नाही. तो चढतच आला, आणि वळणावरून पिवळी गाडी उसळून वर आली. सहा मिनिटं एक्कावन्न सेकंद. माणसं नाचायला लागली. जस्मिननं गाडीतून उतरून आधी बॉनेटवर हात ठेवला आणि मग मिस्त्रींच्या गळ्यात पडली. “खडीवर मी चुकलो, मामा. घाबरलो आणि चुकलो. पण तिनं सांभाळून घेतलं.”

केतकी मात्र टॅब्लेटवरून मान वर करेनात. “हे होऊच शकत नाही,” त्या म्हणाल्या. “चुकीचा पाय पडल्यावर प्लेट घसरायला हवी होती. ती थांबली. जस्मिनताईंनी जो थांबा घेतला नाही, तो प्लेटनं स्वतः घेतला. आणि मागं जाऊन पाहिलं तर शनिवारपासूनच ती थोडी थोडी यांच्या पायाच्या बाजूला सरकतेय. कुलूप लागल्यावर तिनं शिकायचंच नसतं.”

“मग वाईट काय झालं?”

“मिस्त्री, हा दोष आहे. चाचणीच्या अहवालात लिहावा लागेल. लिहिला की पुढच्या प्लेटांमधून तो काढून टाकतील.”

मिस्त्री कठड्यावर टेकले. “आमचे उस्ताद सत्तर वर्षांचे झाले तेव्हा पॉवर स्टीअरिंग आलं. आता मला काय शिकवता, म्हणायचे. कुलूप लावूनच बसले होते. पण ते शेजारी बसायचे आणि मी चालवायचो, आणि एक दिवस ते चालवताना बघतो तर त्यांचा हात हलका झालेला. माझ्यासारखा. कुणी शिकवलं न्हाई, कुणी बोललं न्हाई. आमाला वाटलं, जीव लागलाय.”

केतकींच्या बोटाखाली अहवालाचा रकाना उघडा होता. ‘आढळलेला दोष’, आणि पुढं कोरी जागा. मागं जस्मिनला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं, आणि पिवळी गाडी तापलेल्या लोखंडाचा टक-टक आवाज करत गार होत होती.

“बाई,” मिस्त्रींनी हळूच विचारलं, “हेच माणसानं केलं असतं, तर तुमी त्या रकान्यात काय लिवलं असतं?”